बुधवार पेठेतल्या काकांना, रंग ओळखणाऱ्या डबीबद्दल

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

तुमच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातल्या काउंटरवर रोज इतकी माणसं येतात, की मी कदाचित लक्षात नसेन. भोर तालुक्यातल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. मुलांसाठी रंग ओळखणारा सेन्सर हवा म्हणून तुमच्याकडे आले होते. टीसीएस३२०० या रंग ओळखणाऱ्या चिपचं तयार मॉड्यूल तुमच्या हातात होतं. त्या एवढ्याशा चिपवर ६४ फोटोडायोड (उजेड टिपणारे बारीक भाग) असतात, लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीखाली प्रत्येकी १६ आणि उरलेले १६ बिनगाळणीचे, हे तुम्हीच सांगितलंत. आणि मग ते बाजूला ठेवलंत. "मॅडम, हे चालेल उत्तम, पण आत काय चाललंय ते मुलांना दिसणार नाही," म्हणालात, आणि एक एलडीआर (उजेडाप्रमाणे ज्याचा विद्युत रोध बदलतो तो भाग), चार पायांचा आरजीबी एलईडी (लाल, हिरवा, निळा असे तीन दिवे एकातच) न् करंट आवरणारे थोडे रेझिस्टर पुडीत घालून दिलेत. सगळं मिळून पन्नास रुपयांच्या आत. गिऱ्हाईक समोर उभं असताना महागाची वस्तू मागे सारणारा दुकानदार मला तोवर भेटला नव्हता.

जोडणी तुम्ही बिलाच्या पाठीवरच काढून दिलीत. एलडीआरला रंग कळत नाही, उजेड कमी की जास्त एवढंच कळतं. म्हणून उजेडच रंगीत करायचा: आधी फक्त लाल, मग हिरवा, मग निळा, आणि दर वेळी वस्तूवरून किती उजेड परत येतो ते मोजायचं. एलडीआरला दहा के, म्हणजे दहा हजार ओहमचा रेझिस्टर जोडून मधलं व्होल्टेज आर्डुइनोला (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाला) दिलं, की ० ते १०२३ मधला आकडा मिळतो.

पण त्याहून मोठं ऋण तुमच्या फोनवरच्या उत्तरांचं आहे. खिडकीपाशी कुणी उभं राहिलं तरी आकडे हलायचे. तुम्ही कॅमेऱ्याच्या रोलची जुनी काळी डबी शोधायला लावलीत, तिचा तळ कापायला सांगितलात, आणि एलईडीचा उजेड थेट एलडीआरवर पडू नये म्हणून दोघांमध्ये काळ्या कार्डाचा पडदा. एलडीआर संथ असतो, दिवा बदलल्यावर जरा थांबून वाचा, हेही तुमचंच. पांढऱ्या कागदावरसुद्धा तीन आकडे सारखे का येत नाहीत, हा प्रश्न आठवीतल्या एका मुलीने विचारला होता. तुम्ही तिच्याशीच बोललात! लाल एलईडीला साधारण दोन व्होल्ट लागतात, निळ्याला तीनच्या आसपास, त्यामुळे रेझिस्टर तोच असला तरी करंट वेगळा. शिवाय एलडीआरला हिरवट-पिवळा उजेड अधिक जाणवतो. तेव्हा पांढरा कागद म्हणजे २५५, काळा म्हणजे ०, आणि प्रत्येक रंगाचं माप त्या दोहोंमध्ये बसवायचं. तिने ते वहीत तिच्या शब्दांत लिहून ठेवलंय.

मग आम्ही हळदीचा कागद डबीखाली धरला. लाल आणि हिरवा आकडा वर, निळा खाली. त्यावर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा थेंब टाकला, कागद लालसर झाला, आणि हिरवा आकडा धाडकन घसरला. पिवळ्यात हिरवा उजेड असतो हे मी कितीदा फळ्यावर शिकवलंय. त्या दिवशी मुलांनी ते मोजलं. वर्गात नुसता गोंधळ उडाला होता.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहितेय. कमी खर्चात प्रयोग करू पाहणाऱ्या शिक्षकांना ही डबी करता यावी, आणि ती कुणाच्या आग्रहामुळे झाली तेही कळावं.

आता मुलांना भाताच्या पानांचा हिरवेपणा मोजायचाय. इथले शेतकरी पानाचा रंग पाहूनच युरियाचं ठरवतात. पान पातळ, उजेड त्यातून आरपार जातो, तेव्हा त्याच्यामागे पांढरा कागद ठेवावा की काळा, हे तुम्हाला विचारायचं आहे. येत्या शनिवारी डबी घेऊन येते, दोन-तीन मुलंही सोबत असतील.

तुमची आभारी,
भोरकडच्या विज्ञानाच्या बाई