फँटसी खेळांचीही समीक्षा छापावी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

व्हिडिओ गेमविषयी आपल्या दैनिकात जे छापून येते, ते बहुतेक वेळा मुलांचे व्यसन आणि पैशांची फसवणूक या दोनच विषयांभोवती फिरते. हे दोन्ही प्रश्न खरे आहेत आणि पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर 2025च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली, हे योग्यच झाले. मात्र त्या खेळांशी काडीचाही संबंध नसलेला, घरी एकट्याने बसून एखादी मोठी कादंबरी वाचावी तितक्या निवांतपणे खेळायचा एक प्रकार आहे. आम्ही खेळणारे त्याला आरपीजी म्हणतो, म्हणजे ‘रोल-प्लेइंग गेम’; त्यात खेळणारा एखाद्या पात्राची भूमिका घेऊन कथा पुढे नेतो. त्यातले जादू, राक्षस आणि कल्पित राज्यांच्या जगात घडणारे खेळ मी अनेक वर्षे आवडीने खेळत आलो आहे, आणि नाटक-सिनेमाची होते तशी त्यांचीही नियमित समीक्षा आपण छापावी, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

या प्रकाराचे मूळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या कागद, पेन्सिल आणि फाशांच्या खेळात आहे. 2023 साली आलेल्या ‘बाल्डर्स गेट 3’ मध्ये तो वीस बाजूंचा फासा आजही पडद्यावर फिरताना दिसतो. पहारेकऱ्याची समजूत घालायची असेल तर फासा टाकावा लागतो, आणि दान उलटे पडले तरी बहुतेक वेळा गोष्ट अडत नाही, ती वेगळ्या वाटेने पुढे जाते.

पण या खेळांचे खरे बळ कळण्यासाठी 2015च्या ‘द विचर 3’ मधला एक भाग पाहावा. व्हेलन नावाच्या दलदलीच्या मुलखातला एक सरदार आपली हरवलेली बायको आणि मुलगी शोधून देण्याची विनवणी करतो. शोध घेता घेता कळते, की हा माणूस दारूच्या नशेत बायकोला मारहाण करीत असे आणि त्या दोघी हरवलेल्या नसून त्याच्यापासून पळालेल्या आहेत. पुढे एका टेकडीवरच्या झाडाखाली कोंडलेला आत्मा भेटतो. त्याला सोडवायचे की संपवायचे, हे खेळणाऱ्याने ठरवायचे असते. सोडवले तर दलदलीतली अनाथ मुले वाचतात, पण सरदाराची बायको मरते आणि तो स्वतः गळफास घेतो. संपवले तर तिचे भान हरपलेले असले तरी ती जिवंत राहते, मुले मात्र हाती लागत नाहीत. निर्णय घेताना यातले काहीच ठाऊक नसते. विक्रमाला वेताळाने घातलेल्या पेचासारखा हा पेच आहे, फक्त येथे उत्तर आपल्याला द्यावे लागते आणि त्याचे परिणामही आपल्यालाच पाहावे लागतात. हे काम इतक्या ताकदीने करणारा दुसरा कलाप्रकार मला माहीत नाही.

म्हणूनच या खेळांतले दोष अधिक खुपतात. कथा दमदार असली तरी नकाशाभर ‘अमक्याची वस्तू आणून दे’ छापाची कामे पेरून खेळ विनाकारण लांबवलेला असतो. ‘स्कायरिम’ मध्ये सामानाचे ओझे ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले, की पात्राला धावता येत नाही. ही मर्यादा सुरुवातीला 300 असते. मग तलवारी आणि झाडपाल्याची आवराआवर करण्यातच संध्याकाळ संपते. ‘एल्डन रिंग’ मध्ये खेळ मध्येच थांबवण्याची साधी सोय (पॉज) नाही, त्यामुळे दारावरची बेल वाजली तरी उठण्याची पंचाईत होते. एका नावाजलेल्या खेळात मला पुढची वाट दाखवणारे पात्रच तांत्रिक दोषामुळे प्रकट झाले नाही आणि कित्येक आठवड्यांची प्रगती जागीच अडकली. नव्या मोठ्या खेळासाठी तीन-चार हजार रुपये मोजणाऱ्याला हे आधी सांगणारे मराठीत कोणी असावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

सर्वांत मोठी अडचण भाषेची आहे. माझा भाचा मराठी माध्यमात नववीत शिकतो. लढाया तो चपळाईने जिंकतो, पण संवाद सुरू झाले की ते जुन्या वळणाचे इंग्रजी वाचण्याऐवजी बटण दाबून पुढे ढकलतो. म्हणजे खेळातला सर्वांत मोलाचा भागच त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. ‘द विचर 3’ पोलंडमध्ये तयार झाला, पोलिश लेखकाच्या कथांवर बेतला गेला आणि तो पोलिश संवादांसह खेळता येतो. त्या देशाची लोकसंख्या चार कोटींहून कमी आहे. मराठी मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या 2011च्या जनगणनेतच आठ कोटींवर होती, तरीही या तोडीचा एकही खेळ मराठीत उपलब्ध नाही. मागणी आहे हे निर्मात्यांना कळण्यासाठी आधी आपल्याकडे या खेळांची जाहीर चर्चा व्हायला हवी.

पुरुषोत्तम करंडकातल्या एकांकिकांवर तावातावाने वाद घालणाऱ्या पुण्याला ही चर्चा जड जाऊ नये. समीक्षकाने खेळातली निवड खरी आहे की नुसता देखावा, खेळ संपायला साधारण किती तास लागतात, विकत घेतल्यावरही आत पैसे मागितले जातात का आणि तो कोणत्या वयाला योग्य आहे, एवढे स्पष्ट लिहावे. यातले शेवटचे पालकांसाठी विशेष महत्त्वाचे आहे, कारण ‘द विचर 3’ सारख्या खेळावर युरोपात 18 वर्षांवरील प्रौढांसाठी असा शिक्का असतो आणि आपल्याकडे तो शाळकरी मुलांच्या हाती सर्रास दिसतो.

रविवारच्या पुरवणीत पंधरवड्यातून एकदा अर्धा स्तंभ मिळाला तरी सुरुवात होईल. पहिल्या लेखासाठी पुण्यातल्याच नोडिंग हेड्स गेम्स या चमूने 2020 मध्ये आणलेला ‘राजी’ घ्यावा, असे सुचवतो. तो काटेकोरपणे आरपीजी नसला, तरी पुराणकथांतून आणि पहाडी लघुचित्रांच्या शैलीतून त्याने उभे केलेले जग आपल्या वाचकांना परके वाटणार नाही.

आपला नम्र,
एक वाचक, कोथरूड, पुणे