रंगाच्या आधी भिंत पाहिलीत

आदरणीय भाऊ,

सप्रेम नमस्कार.

शाळेच्या दक्षिण भिंतीवर तुम्ही रंगवून घेतलेले सागाच्या जंगलातले तीन घोडेस्वार अख्खा पावसाळा झेलून तसेच ताजे आहेत. त्याबद्दल गावाच्या वतीने मनापासून आभार.

रंगाचा डबा उघडण्याआधी तुम्ही भिंतीवर तळहात फिरवलात. पांढरी भुकटी लागली, तेव्हा जुना चुना पूर्ण खरवडायला लावलात. भुकटीवर दिलेला रंग भुकटीलाच चिकटतो आणि पावसात पापुद्रे सुटतात. मग भेगांत पुट्टी, पॉलिश पेपर, प्रायमर. नव्या गिलाव्याला २८ दिवस हात लावू दिला नाहीत. घाई आम्हाला होती, तुम्हाला नव्हती, हे बरं झालं.

निळ्याचं तर आम्ही कधीच विसरणार नाही. ताज्या सिमेंट-चुन्याच्या क्षाराने प्रशियन निळा तपकिरी पडतो, अल्ट्रामरीन निळा टिकतो. भडक तांबडे पुष्कळदा उन्हात उडतात, म्हणून एका घोड्याला गेरू. तो गाळून बाइंडरमध्ये, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या चिकट द्रावात, घोटायचा; बाइंडर कमी पडला की हाताला रंग लागतो. नुसता गेरू मंद दिसतो, पण शेजारी हिरवट निळा आला की तोच घोडा पेटतो. मात्र ओल्या गेरूवर निळा गेला तर चिखल होतो, आधीचा थर वाळू द्यायचा. आणि काम सकाळी ६ ते ९ एवढंच, कारण आपल्याकडच्या वैशाखात दुपारी रंग ब्रशवरच वाळतो आणि जोडाच्या रेघा दिसतात.

‘घोडा निळा कुठं असते?’ असं पोरांनी विचारलं, तेव्हा तुम्ही त्यांना जर्मन चित्रकार फ्रान्झ मार्कचे १९११ चे निळे घोडे दाखवलेत. रंग घोड्याच्या कातडीचा नाही, मनाचा, हे पोरांना लगेच पटलं. पायांच्या बाबतीत मात्र तुम्ही सूट दिली नाहीत. चौखूर घोडा काढताना पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणण्याकडेच हात जातो. छायाचित्रकार मायब्रिजच्या १८७८ च्या धावत्या घोड्याच्या छायाचित्रांत चारही खूर अधांतरी असतात, तेव्हा पाय पोटाखाली गोळा झालेले दिसतात. मधल्या घोड्याचे पाय तुम्ही दोनदा पुसायला लावलेत. आता तोच घोडा खरा धावतो.

डाव्या कोपऱ्यातला पळस तुम्ही मुद्दाम कोरा ठेवला आहे. गेरू डब्यात झाकून ठेवलाय. फाल्गुनात या.

तुमचे,
शिक्षक आणि गावकरी