मूळव्याध म्हणण्याआधी तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

देवगड तालुक्यातल्या एका छोट्या लॅबमध्ये मी टेक्निशियन म्हणून काम करतो. पन्नाशी ओलांडलेला, बागेत राबणारा गडी रक्त द्यायला येतो आणि हिमोग्लोबिन ७ किंवा ८ निघतं, असं मला वरचेवर दिसतं. पुरुषाचं ते १३ च्या खाली असू नये. स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली धरली की तांबड्या पेशी आकाराने लहान आणि मधोमध फिकट दिसतात. शरीरातलं लोह संपल्याची ती खूण आहे. बाईचं लोह पाळीत जातं. या वयाच्या पुरुषाचं कुठे गेलं? रिपोर्ट घेऊन तो जातो, लोहाच्या गोळ्या सुरू होतात आणि हा प्रश्न तसाच राहतो.

कित्येकदा कारण साधं असतं. शेतात अनवाणी फिरणाऱ्याला आकडीकृमी (आतड्यात रक्त पिणारे हुकवर्म जंत) होतात, कुणाला खरंच मूळव्याध असते. पण मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्येही नेमकं हेच घडतं. गाठीतून थोडं थोडं रक्त झिरपत राहतं, कधी डोळ्यांना दिसतं, कधी अजिबात दिसत नाही.

या आजाराचे जगभरचे आकडे वाचून मी अस्वस्थ झालो. २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये ‘कॉन्कॉर्ड-३’ हा ७१ देशांचा अभ्यास आला. निदानानंतर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण त्यात काढलं होतं. २०१० ते २०१४ या काळात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी ते दक्षिण कोरियात सुमारे ७२ टक्के, ऑस्ट्रेलियात ७१, अमेरिकेत ६५, ब्रिटनमध्ये ६० होतं. भारतात ते ३९ टक्के भरलं. आपला आकडा मोजक्या ठिकाणच्या नोंदींवरून काढलेला आहे. जिथे कॅन्सरची नोंदच नीट होत नाही तिथली स्थिती याहून चांगली असेल, असं मला वाटत नाही.

एवढं अंतर पाहून लोक म्हणतात, तिकडे औषधं भारी असतात. औषधांचा वाटा आहेच, पण त्याहून मोठा वाटा गाठ कधी सापडली याचा आहे. अमेरिकेतलेच आकडे पाहा. गाठ आतड्यातच असताना निदान झालं तर पाच वर्षं जगणारे ९० टक्क्यांच्या आसपास, आणि यकृत-फुप्फुसांपर्यंत पसरल्यावर झालं तर १५ च्या आसपास. देश तोच, डॉक्टर तेच, औषधं तीच. कोरियातही १९९० च्या दशकात हे प्रमाण साठच्या आत होतं. पुढे २००४ पासून त्यांनी पन्नाशीनंतर दरवर्षी शौचातलं लपलेलं रक्त तपासायचा सरकारी कार्यक्रम सुरू केला.

माझा मोठा भाऊ या आजाराने गेला. दादाला पहिल्यांदा रक्त दिसलं ते आंब्याच्या ऐन हंगामात. मी विचारलं तर म्हणाला, “मूळव्याध आसा, दुसरां काय नाय. उष्णता वाढली काय रगात पडता.” सुरण खाऊन झालं, आमसुलाचं सार झालं, कुणीतरी दिलेलं गावठी औषध झालं. डॉक्टरकडे गेला तेव्हा मलम आणि पोट साफ होण्याची पावडर मिळाली. झोपवून तपासलं नाही, बोट घालून पाहिलं नाही. पेट्या संपल्यावर बघू म्हणेपर्यंत लावणी आली, लावणी झाल्यावर गणपती. गणपतीत चाकरमानी घरी आले तेव्हा त्याची कमरेची पँट सैल झालेली सगळ्यांना दिसली आणि पुतण्याने त्याला हट्टाने गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात नेलं. गाठ गुदाशयात, अगदी खालच्या भागात होती. बोटाला लागेल एवढ्या अंतरावर. तोवर यकृतात पसरली होती.

त्यातच पिशवीची भीती. शौच जमा व्हायला पोटावर पिशवी लावणार हे ऐकूनच दादा ऑपरेशन नको म्हणायला लागला होता. आमच्या वाडीत कुणी तशी पिशवी पाहिलेली नव्हती. ती लावून माणूस शेतात जातो, एसटीने फिरतो, हे त्याला सांगणारं कुणी भेटलं असतं तर बरं झालं असतं. आणि गाठ वेळेत सापडली, तर कायमची पिशवी पुष्कळांना लागतही नाही.

आमची मावसबहीण ऑस्ट्रेलियात असते. तिकडे पन्नाशी झाली की सरकारकडून टपालाने एक किट घरी येतं. दोन वेगवेगळ्या दिवशी शौचातला काडीएवढा नमुना नळीत घालायचा आणि टपालानेच परत पाठवायचा. तिचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, आतड्यात दुर्बीण घालून तपासलं (कोलोनोस्कोपी), आत एक पॉलिप, म्हणजे कोंबासारखी वाढ, होता तो तिथल्या तिथे काढला. अशा पॉलिपचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. तेवढी मुदत हा आजार देतो, आणि ती आपण फुकट घालवतो.

मी भारतात घरोघरी किट वाटा म्हणत नाही. लाखामागे वर्षाला पाचाच्या आसपास आपल्याकडे हा आजार होतो, ऑस्ट्रेलियात तिसाच्या वर. सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीन कॅन्सर घेतले आहेत, ते योग्यच आहे. पण ज्याला आधीच त्रास सुरू झालाय, त्याला तरी वाऱ्यावर सोडू नका. वय कमी आहे म्हणूनही सोडू नका. मुंबईच्या टाटा रुग्णालयातल्या सुमारे ८०० रुग्णांच्या एका अभ्यासात सरासरी वय ४७ निघालं होतं. हे कर्त्या माणसाचं वय आहे.

म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रं, ग्रामीण रुग्णालयं आणि खासगी डॉक्टर, सगळ्यांना विनंती आहे. रक्त पडतंय म्हणून आलेल्या माणसाला बोटाने तपासल्याशिवाय मूळव्याधीचं मलम लिहून देऊ नका. ज्याची शौचाची सवय महिनाभरात बदलली, वजन उतरलं, त्याला दुर्बिणीसाठी पाठवा. पन्नाशीच्या पुरुषाला किंवा पाळी गेलेल्या बाईला लोहाची कमतरता निघाली, तर गोळ्यांबरोबर कारणही शोधा. लाज पेशंटला वाटते तशी ती डॉक्टरांच्याही आड येते, असं मी पाहिलंय. बाईला तपासायला बाई डॉक्टर नसेल तर हा विषय तिथेच संपतो.

तपासणीबद्दलही एक सांगायला हवं. शौचातलं रक्त पाहण्याच्या जुन्या चाचणीत मटण खाल्लं तरी गफलत होऊ शकते. नवीन ‘फिट’ चाचणी फक्त माणसाचं हिमोग्लोबिन ओळखते. ती तालुक्याला मिळायला हवी. मात्र ज्याला रक्त डोळ्यांना दिसतंय, त्याने या चाचणीत वेळ घालवू नये, त्याला दुर्बीणच हवी. त्यासाठी आमच्याकडचा माणूस आज कोल्हापूर नाहीतर बांबोळी गाठतो. जाण्यायेण्याचा खर्च, सोबत एक माणूस, दोघांचा बुडालेला रोज. ओरोसला जिल्ह्याच्या ठिकाणी आठवड्यातला एक दिवस ठरवून ही तपासणी झाली आणि तो दिवस गावोगावच्या आशाताईंना कळवला, तर पुष्कळ जण जातील.

आणि शिबिर घ्यायचंच असेल तर मार्च ते मे घेऊ नका, बागेतून कुणी येणार नाही. लावणी आटोपल्यावर, श्रावणात घ्या.

आपला,
एक लॅब टेक्निशियन, जामसंडे, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग
(घरच्यांचा विचार करून नाव छापू नये, ही विनंती.)