अडीच हजार कॅलरींचा हिशेब

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ज्यू विस्थापितांवर आपल्या रविवार पुरवणीत जो लेख आला आहे, त्यात दोन वाक्ये पाठोपाठ आहेत. जर्मनीतल्या विस्थापितांच्या छावणीत माणशी रोज २,५०० कॅलरींचे रेशन होते आणि बाहेरच्या जर्मन नागरिकाला त्याहून कितीतरी कमी मिळत होते, हे पहिले. तरीही या छावण्या काळ्याबाजाराचे अड्डे बनल्या, हे दुसरे. दोन्ही वाक्ये सुटी घेतली तर खरी आहेत. खोट आहे ती मधल्या 'तरीही'मध्ये. त्या रेशनमध्ये काय होते आणि काय नव्हते हे पाहिले की तिथे 'म्हणूनच' हा शब्द येतो.

आधी हा आकडा आला कुठून ते सांगतो. मे १९४५ मध्ये युद्ध संपले तेव्हा जर्मनीत सुटका झालेले ज्यू बरेचसे होते तिथेच राहिले, कित्येक ठिकाणी काटेरी तारेच्या आतच. दारावर पहारा होता आणि बाहेर पडायला पास लागे. अंगावर कुणाच्या छळछावणीतलेच पट्ट्यापट्ट्यांचे कपडे, तर कुणावर चक्क नाझींच्या एसएस दलाचे गणवेश चढवायची वेळ आलेली, कारण दुसरे कापडच नव्हते. त्या उन्हाळ्यात राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या विधी शाखेचे डीन अर्ल हॅरिसन यांना पाहणीसाठी पाठवले. नाझी ज्यूंना वागवत तसेच आपण वागवत आहोत, फरक इतकाच की आपण त्यांना ठार मारत नाही, अशा आशयाचे वाक्य हॅरिसन यांनी अहवालात लिहिले. ट्रुमन यांनी ३१ ऑगस्टला युरोपातल्या अमेरिकन फौजांचे प्रमुख आयझेनहॉवर यांना पत्र लिहून त्याचा जाब विचारला, आणि मग जर्मनीच्या अमेरिकन ताब्यातल्या विभागात ज्यूंसाठी वेगळ्या छावण्या आणि २,५०० कॅलरी हे दोन्ही आले. ब्रिटिश विभागात ज्यू हा वेगळा गट मानायलाच प्रशासन राजी नव्हते. म्हणजे हा आकडा सरसकट सगळ्या छावण्यांना लावता येत नाही, तसा लेखात तो लावला आहे.

नुसत्या कॅलरी मोजून उपाशी शरीर सावरत नाही, हे बेल्सनच्या नाझी छळछावणीत आधीच कळून चुकले होते. १५ एप्रिल १९४५ ला ब्रिटिश सैन्य आत शिरले तेव्हा सैनिकांनी दयेपोटी स्वतःचे डबाबंद मांस वाटून टाकले. महिनोन्‌महिने रिकाम्या असलेल्या आतड्यांना ती चरबी झेपली नाही. टायफस (उवांमुळे पसरणारा ताप) आणि उपासमार यांनी तिथे सुटकेनंतरही तेरा हजारांच्या आसपास माणसे गेली. नंतर १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात कामी आलेले तांदूळ-साखरेचे मिश्रण डॉक्टरांनी आणले. 'बेंगॉल फॅमिन मिक्स्चर' हेच त्याचे नाव. पूर्व युरोपातल्या माणसांना ते गोडमिट्ट लागले, घशाखाली उतरेना. त्यात पॅपरिका घातल्यावर थोडे तरी खपले.

आता रेशन. कागदावरच्या कॅलरींचा मोठा वाटा पाव, बटाटे, वाळवलेले वाटाणे आणि लष्करी साठ्यातले डबे यांतून भरून निघे. ताजी भाजी, फळे, अंडी, ताजे दूध जवळपास नाहीच. क्षयाच्या रुग्णाला, गरोदर बाईला नेमके हेच लागते. कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांत बसणारे, मांस हा आणखी एक पेच होता. धर्मविधीप्रमाणे जनावर कापण्यावर नाझींनी १९३३ च्या एप्रिलमध्येच कायद्याने बंदी घातली होती, आणि त्यानंतरच्या बारा वर्षांत जर्मनीत ते काम करणारे कुणी उरले नव्हते. कोशर पाळणाऱ्यांची भिस्त मग 'जॉइंट' या अमेरिकन ज्यू मदतसंस्थेने पाठवलेल्या डब्यांवर. जे पाळत त्यांनी लष्करी मांसाचा डबा हातात पडला तरी खाल्ला नाही; त्यांच्या पोटात त्या दिवशी २,५०० कॅलरी गेल्या नाहीत, इतकेच.

दुसरी अडचण सामुदायिक स्वयंपाकघराची. हातात वाडगा घेऊन सूपासाठी रांगेत उभे राहणे या माणसांना नको होते, आणि का नको होते हे वेगळे सांगायला नको. शक्य तिथे लोकांनी कोरडा शिधा मागून घेतला आणि खोलीतच विजेच्या शेगडीवर रांधायला सुरुवात केली. खोली म्हणजे बराकीतल्या दालनात दोरीवर ब्लँकेट टांगून पाडलेला कप्पा. एका दालनात अशी तीन-चार कुटुंबे. बराकीतली वायर दिव्यांपुरती घातलेली. संध्याकाळी एकाच वेळी शेगड्या लागल्या की फ्यूज उडायचा, मग कुणीतरी तिथे जाड तार बसवायचा आणि पुढचा धोका वायर तापण्याचा. छावणीच्या अधिकाऱ्यांना ही बेशिस्त वाटे. शेगड्या जप्त होत, चार दिवसांनी नव्या येत. त्या कुठून येत हा प्रश्न आला, की आपण थेट काळ्याबाजारात पोचतो.

तो बाजार चाले कसा? राइशमार्क या जुन्या जर्मन चलनाला तेव्हा किंमत उरली नव्हती. खरे चलन होते अमेरिकन सिगारेट. एका सिगारेटला पाच-सहा मार्क सहज येत. वीसच्या पाकिटाचे शंभराच्या वर झाले, आणि ही रक्कम साध्या जर्मन कामगाराच्या महिन्याच्या पगाराच्या निम्म्याच्या आसपास जाते. छावणीत काम करणाऱ्याला मोबदला म्हणून किंवा 'जॉइंट'च्या पुड्यातून सिगारेट, कॉफी, चॉकलेट मिळे. जर्मन शेतकऱ्याकडे अंडी, दूध, कोंबड्या होत्या. कॉफी मात्र वर्षानुवर्षे दिसली नव्हती. लान्ट्सबेर्ग, फ्योरेनवाल्ड, फेल्डाफिंग या छावण्या बव्हेरियाच्या ऐन शेतीच्या मुलखात. कॉफी इकडून तिकडे आणि अंडी तिकडून इकडे जाणे हे पाणी उताराला लागण्याइतके साहजिक होते. मोठा नफा कमावणारे दलाल छावणीत होतेच, ते मी नाकारत नाही. पण त्या काळात जर्मनीत काळ्याबाजारात कोण नव्हते, जर्मन नागरिक की अमेरिकन सैनिक? २० जून १९४८ ला नवा मार्क आला, बंद दुकानांच्या काचांमागे एका रात्रीत माल दिसू लागला आणि सिगारेटची नाणे म्हणून असलेली सद्दी संपली. चारित्र्याचा दोष असता तर तो चलन बदलल्याने गेला नसता.

या बाजाराच्या नावाखाली काय झाले ते लेखात यायला हवे होते. २९ मार्च १९४६ ला पहाटे स्टुटगार्टच्या राइन्सबुर्ग रस्त्यावरील ज्यू वस्तीत जवळपास २०० जर्मन पोलीस कुत्र्यांसह घुसले. सोबत मूठभर अमेरिकन शिपाई. गणवेश तेच, भाषा तीच, पुढ्यात कुत्री तीच. बाचाबाचीत गोळीबार झाला. छळछावणीतून वाचलेला आणि बायकामुलांची नुकतीच भेट झालेला एक माणूस त्यात ठार झाला. झडतीत हाती लागली ती थोडीशी अंडी. त्यानंतर अमेरिकन लष्कराने ज्यू छावण्यांत शिरायला जर्मन पोलिसांना मनाई केली, आणि आतली व्यवस्था छावणीच्या स्वतःच्या पोलिसांवर आणि न्यायमंडळावर आली.

रेशनच्या यादीत तोंडे किती हाही हिशेब सरळ नव्हता. ४ जुलै १९४६ ला पोलंडमधल्या किएल्त्से गावी ४२ ज्यू मारले गेले, आणि पुढच्या काही महिन्यांत लाखाच्या आसपास माणसे सीमा ओलांडून आली. त्यांतली पुष्कळशी सोव्हिएत युनियनमध्ये युद्ध काढून परतलेली कुटुंबे होती, लेकराबाळांसकट. वर्षअखेर एकट्या अमेरिकन विभागात ज्यू विस्थापितांचा आकडा एक लाख ४० हजारांच्या घरात गेला. पुढे २१ एप्रिल १९४७ नंतर येणाऱ्यांना छावणीत घ्यायचेच नाही असा हुकूम निघाला. म्हणून काय, माणसे यायची थांबली नाहीत. कुणी गुपचूप पॅलेस्टाइनच्या वाटेला लागला की त्याचे रेशनकार्ड परत जात नसे; ते नव्याने आलेल्याच्या हाती पडे. तपासनीसाच्या लेखी ही 'बोगस कार्डे'. खाणारे तोंड मात्र बोगस नव्हते.

लग्ने आणि बाळंतपणे या विषयावर लेखात एकच ओळ आहे, तिथे थोडे थांबायला हवे. वाचलेल्यांत पंचविशी-तिशीतली माणसे जास्त, आई-वडील किंवा जोडीदार गमावलेली. एकट्या बेल्सनच्या विस्थापित छावणीत पाच वर्षांत हजारावर लग्ने लागली आणि दोन हजारांवर मुले जन्मली. लग्नाआधीचा पहिला अडसर धर्मशास्त्राचा: आधीचा नवरा मेल्याचा पुरावा नसेल तर बाई 'आगुना', म्हणजे बांधलेलीच. इथे मृत्यूचा दाखला कोण देणार? एरवी दोन साक्षीदार मागणारे ज्यू धर्मशास्त्र नवऱ्याच्या मृत्यूबाबत मात्र एका साक्षीदारावर भागवते. रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, तोच धागा धरला. छळछावणीत कुणाला मारायचे या निवडीच्या वेळी अमक्याला गॅसकोठडीकडच्या रांगेत जाताना पाहिले, एवढी साक्षही ऐकून घेतली जाऊ लागली. मग कपडे. बेल्सनच्या एका वधूचा पांढरा पोशाख पॅराशूटच्या कापडाचा होता. ते पॅराशूट दोन पौंड कॉफी आणि सिगारेटची एक-दोन पाकिटे देऊन मिळवले होते, आणि तोच पोशाख नंतर कितीतरी जणींनी घातला. हाही आपल्या लेखाच्या भाषेत काळाबाजारच. मूल झाले की नाव शोधायला वेळ लागत नसे: आश्केनाझी (मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या) रीतीप्रमाणे जिवंत नातेवाइकाचे नाव ठेवत नाहीत, मेलेल्याचे ठेवतात. अडचण पुढची होती. बाळाला न्हाऊमाखू कसे घालायचे हे सांगायला आई, सासू, मावशी कुणीच नव्हते. ते काम परिचारिकांनी केले, आणि कित्येक घरांत कॉफी-सिगारेटच्या मोबदल्यात ठेवलेल्या जर्मन दायांनी.

वर्तमानपत्राच्या वाचकांना रस वाटेल म्हणून छपाईबद्दल सांगतो. लान्ट्सबेर्गच्या छावणीत ऑक्टोबर १९४५ पासून यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतले, साप्ताहिक निघू लागले, पण हिब्रू लिपीचे खिळेच मिळेनात. नाझींनी ज्यू छापखाने संपवले होते. तेव्हा यिडिश मजकूर रोमन खिळ्यांत जुळवला, तोही पोलिश धाटणीने. 'त्साइतुंग' हा शब्द जर्मन 'झेड'ने न लिहिता 'सी'ने, आणि 'य'च्या जागी 'जे'. जर्मन छापखान्यात, जर्मन खिळ्यांनी, जर्मन दिसू नये अशी यिडिश. बेल्सनचे 'उन्झेर श्टिमे' सुरुवातीला हातानेच लिहून काढले गेले. या पत्रांत सगळ्यांत आधी वाचला जाई तो मजकूर म्हणजे शोधनामे: अमुक गावचा अमका, शेवटचा कुठे दिसला, कोण शोधते आहे. पुढे हायडेलबर्गला अमेरिकन लष्कराच्या मदतीने १९ खंडांचे तालमूद हे ज्यू धर्मशास्त्र छापले गेले, १९४८ ते १९५० या काळात. त्यासाठी मूळ प्रत न्यूयॉर्कहून आणावी लागली.

'छावणीवासीय काम टाळत' हा लेखातला आरोपही अर्धवट आहे. जर्मनीची घरे, जर्मनीचे कारखाने उभे करायला त्यांनी नकार दिला, हे खरे. पण लान्ट्सबेर्गमध्ये पहिल्याच शरद ऋतूत 'ओआरटी' या ज्यू व्यवसायशिक्षण संस्थेचे वर्ग सुरू झाले: शिवण, सुतारकाम, मोटार दुरुस्ती, रेडिओ, दातांच्या कवळ्या. न्यूरेंबर्गजवळ प्लाइकर्सहोफ ही युलिउस श्ट्राइखरची शेतजमीन. ज्यूद्वेषाचे साप्ताहिक चालवणाऱ्या त्या माणसाच्या मळ्यावर तरुण ज्यूंनी पॅलेस्टाइनला जाण्याच्या तयारीसाठी शेती शिकून घेतली.

आणि जाण्याची वाट पाहत थांबणे. पॅलेस्टाइनचा दरवाजा ब्रिटिशांनी महिना दीड हजारांवर अडवून धरला होता. समुद्रात पकडलेल्यांना ऑगस्ट १९४६ पासून सायप्रसच्या तंबूंत आणि पत्र्याच्या निस्सेन झोपड्यांत नेऊन ठेवत. विस्थापितांना प्रवेश देणारा अमेरिकेचा कायदा २५ जून १९४८ ला झाला, पण त्यात अट होती की माणूस २२ डिसेंबर १९४५ च्या आधी जर्मनी, ऑस्ट्रिया किंवा इटलीत असला पाहिजे. किएल्त्सेनंतर आलेले सगळेच बाद. शिवाय ३० टक्के जागा शेतीवाल्यांना. शिंपी, चांभार, दुकानदार यांच्या कुटुंबांतून आलेल्यांना त्याचा काय उपयोग? १९५० मध्ये दुरुस्ती झाली. कागद जुळले तरी छातीचा एक्स-रे उरे. नवरा, बायको, दोन मुले अशा चौघांत एकाच्या फुप्फुसावर डाग दिसला की चौघांचीही फाइल बाजूला. रुग्ण म्युनिकजवळच्या गाउटिंगच्या क्षयरोग रुग्णालयात, बाकीचे छावणीत. फ्योरेनवाल्डमध्ये शेवटी उरली ती बरीचशी अशीच माणसे. आपल्या लेखात छावण्या '१९४८ मध्ये रिकाम्या झाल्या' असे आहे. फ्योरेनवाल्ड १९५१ अखेर जर्मन प्रशासनाकडे गेली आणि बंद झाली ती फेब्रुवारी १९५७ मध्ये. एवढी दुरुस्ती तरी कृपया छापावी.

आपला,
एक वाचक

ता. क. लेखासोबतच्या नकाशात बेल्सनची विस्थापितांची छावणी जुन्या छळछावणीच्या जागेवर दाखवली आहे. ती तिथे नव्हती. टायफसमुळे जुन्या झोपड्या ब्रिटिशांनी जाळून टाकल्या, शेवटची २१ मे १९४५ ला. लोक राहिले ते जवळच्याच रणगाडा-प्रशिक्षण शाळेच्या पक्क्या बराकींत. ब्रिटिशांनी त्या जागेला 'होने' म्हणायला सुरुवात केली, पण रहिवाशांनी आपल्या कागदांवर 'बेल्सन' हेच नाव ठेवले.