ते बटण तू दाबू नकोस

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझा फोन आला तेव्हा मी अर्धवट झोपेत होतो. "होईल काहीतरी, बघू," एवढं बोलून मोकळा झालो आणि फोन ठेवल्यावर मात्र पहाटेपर्यंत जागा राहिलो. परवा तुम्ही सहा जणी निघणार, सुट्टीत राहायचं भाड्याचं घर तू चार महिन्यांपूर्वी साइटवरून स्वतःच्या कार्डावर बुक करून ठेवलेलं, आणि आता मालकाचा निरोप: पाइप फुटलाय, घर देता येत नाही, तुमच्याकडून कॅन्सल करा, पैसे मी लगेच पाठवतो. दिवसभर तू कामात असशील आणि फोनवर माझं बोलणं भरकटतं हे तुला ठाऊक आहे. म्हणून लिहितोय. बाकीचं सवडीने वाच, पण ही एक ओळ आत्ताच वाच.

तुझ्याकडून कॅन्सल करू नकोस.

बटण कोणी दाबलं, यावर पुढचं सगळं ठरतं. तू दाबलंस तर साइटच्या दप्तरी नोंद होते ती अशी, की पाहुणीने आपणहून बेत बदलला. मग पाहुण्यासाठीचे नियम लागू होतात, आणि दोन दिवस आधी बेत बदलणाऱ्याच्या हाती बऱ्याच घरांच्या बाबतीत फारसं काही लागत नाही. मालकाने दाबलं तर साधारणपणे पूर्ण पैसे परत, साइटने घेतलेल्या सेवाशुल्कासकट, आणि दुसरं घर शोधून देण्याची थोडीफार जबाबदारीही साइटवर येते. घर तेच, पाइप तोच, पण कागदावर दोन अगदी वेगळ्या गोष्टी होतात.

मालक इतकं आर्जव का करतोय, तेही समजून घे. एअरबीएनबी या घरं भाड्याने देणाऱ्या साइटचं उदाहरण देतो, कारण त्यांचे नियम उघड आहेत; तुझ्या साइटचे तू उघडून बघ, आकडे वेगळे असू शकतील. तिथे २०२२ पासून मालकाने बुकिंग रद्द केलं तर त्याला दंड पडतो. मुक्काम सुरू व्हायला ३० दिवसांहून जास्त अवकाश असेल तर बुकिंगच्या रकमेच्या १० टक्के, ३० दिवसांच्या आत २५ टक्के, आणि शेवटच्या ४८ तासांत किंवा पाहुणा येऊन ठेपल्यावर ५० टक्के. शिवाय साइट त्या तारखा त्याच्या कॅलेंडरवर बंद करून ठेवू शकते, म्हणजे तेच घर त्याला दुसऱ्याला देता येत नाही. 'सुपरहोस्ट' हा बिल्ला टिकवायचा तर रद्द करण्याचं प्रमाण १ टक्क्याच्या खाली ठेवावं लागतं. तू बटण दाबलंस की यातलं काहीच त्याच्या अंगाला लागत नाही. तो तुझ्याकडे मदत मागतोय असं तुला वाटतं, पण मागतोय तो त्याचा दंड तू भरावास म्हणून.

तू म्हणशील, बाबा, खरंच पाइप फुटला असेल तर? असेलही. सगळेच मालक लबाड नसतात. पण घराचं खरोखर मोठं नुकसान झालं असेल तर साइटला फोटो, दुरुस्तीचं बिल दाखवून दंड माफ करून घेण्याची सोय मालकाला असते. खऱ्या अडचणीतल्या माणसाला तुझ्या बटणाची गरजच पडत नाही. हे मला फार उशिरा कळलं.

तू नववीत असताना आपण सुट्टीत निघालो आणि ऐनवेळी मावशीकडे जाऊन राहिलो, आठवतं? तुला नि आईला मी तेव्हा "मालकाची अडचण झाली" एवढंच सांगितलं होतं. खरी हकीकत अशी, की त्या मालकाने आदल्या संध्याकाळी फोन केला. रडवेला आवाज. घरात पाणी शिरलंय, माझ्यावर दंड बसेल, तुम्ही एवढं रद्द करा, उद्या दुपारपर्यंत पैसे तुमच्या खात्यात. मला त्याची दया आली. खरं सांगायचं तर दयेपेक्षा भीडच जास्त; समोरचा अजिजीने बोलला की मला नाही म्हणता येत नाही. मी रद्द केलं. पैसे उद्या आले नाहीत, परवाही आले नाहीत, मग त्याने फोन उचलणं बंद केलं. साइटकडे तक्रार केली तर उत्तर आलं की रद्द तुम्हीच केलंय. आणि ते त्यांच्या बाजूने बरोबरच होतं, कारण सगळं बोलणं फोनवर झालेलं, लेखी एक अक्षर नाही. दोन दिवसांनी सहज ते पान उघडलं तर तेच घर, त्याच तारखांना, दीडपट भावाने पुन्हा मांडलेलं. पाणी बहुधा एका रात्रीत ओसरलं असावं.

तुझी आजी म्हणायची, भीड भिकेची बहीण. तिचं हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो, समजलं त्या दिवशी.

पाइपाचं निमित्त तसं जुनंच. २०१९ साली व्हाइस या माध्यमाच्या एका अमेरिकन पत्रकार बाईंना शिकागोत हाच अनुभव आला: पोहोचायच्या थोडं आधी फोन, नळकामात बिघाड झालाय, तोवर माझ्या दुसऱ्या घरात राहा. ते दुसरं घर अगदीच गचाळ निघालं. बाईंनी खोदकाम केलं तेव्हा खोटी नावं, खोटे फोटो वापरून बऱ्याच शहरांत हाच धंदा चालल्याचं उघडकीला आलं. लेख प्रसिद्ध झाल्यावर थोड्याच दिवसांत एअरबीएनबीने सगळ्या घरांची पडताळणी करू असं जाहीर केलं. हे सांगण्याचं कारण असं, की तुझ्या मालकाचा पुढचा निरोप "माझं शेजारचं घर घ्या, तसंच आहे" असा येऊ शकतो. ते घर साइटवर असेल, त्याचे स्वतःचे अभिप्राय असतील आणि बदल बुकिंगमध्ये रीतसर नोंदला जाणार असेल, तर विचार कर. नुसते फोटो आणि शब्द यांवर अजिबात नाही. आणि एक: मालक साइटवरूनच 'बदलाची विनंती' पाठवू शकतो, तारखा पुढे ढकलायची वगैरे. घाईत 'स्वीकारा' दाबलंस की ती तुझी संमती. नोटिफिकेशन आली की आधी पूर्ण वाच.

आता उत्तर काय द्यायचं. भांडू नकोस, टोमणा मारू नकोस. हा निरोप उद्या साइटचा माणूस वाचणार आहे असं समजून लिही. मी लिहिलं असतं तर असं: "आपली अडचण समजली. आमचं येणं ठरलेलं आहे आणि आमच्या बाजूने बुकिंग कायम आहे. घर देणं शक्य नसेल तर कृपया आपल्या बाजूने आज दुपारपर्यंत रद्द करावं, म्हणजे आम्हाला दुसरी सोय बघता येईल." बस. हे साइटच्या मेसेजमध्येच टाक. त्याने फोन केला तर बोल, पण ठेवल्याबरोबर "आत्ता फोनवर आपण असं म्हणालात" म्हणून दोन ओळी तिथेच लिहून ठेव. मी हे केलं असतं तर माझे पैसे वाचले असते. त्याचा पहिला निरोप, घराचं पान, बुकिंगची पावती, सगळ्याचे स्क्रीनशॉट लगेच काढ. घराचं पान मागाहून गायबही होतं.

तो गप्प बसला तर? ही जागा सगळ्यात अवघड. काही मालक ना हो म्हणतात ना नाही, तुझा धीर सुटायची वाट बघतात. तेव्हा त्याच्याशी बोलणं थांबवून थेट साइटच्या मदत केंद्राला फोन लाव. चॅटवर नाही, फोनवर. सांगायचं एवढंच, की मालकाने घर देणार नाही असं लेखी कळवलंय, निरोप तुमच्यासमोर आहे, तुम्ही त्याच्या बाजूने रद्द करा. आणि त्या फोनला रिकाम्या हाती बसू नकोस. त्याच भागातली, सहा जणी मावतील अशी दोन-तीन घरं आधी शोधून ठेव आणि विचार, हे घर मूळ घरापेक्षा इतकं महाग पडतंय, फरक तुम्ही देणार का? "काहीतरी सोय करा" म्हणणाऱ्याला परतावा मिळतो नि विषय संपतो. नेमकं घर दाखवणाऱ्याला कधी कधी फरकही मिळतो. मिळेलच असं नाही. एअरबीएनबीच्या नियमांतही ३० दिवसांच्या आत मालकाने रद्द केलं तर तसंच घर शोधायला मदत करू असं आहे, पण ते उपलब्धतेवर अवलंबून.

हॉटेलची गोष्ट वेगळी. त्यांच्याकडे खोल्या अनेक, एक बिघडली तर दुसरी देतात, खोल्या जास्त विकल्या गेल्या तर बहुधा पाहुण्याला आपल्या खर्चाने दुसऱ्या हॉटेलात पोहोचवतात. विमानाच्या बाबतीत युरोपात तर २००४ चा कायदाच आहे: १४ दिवसांपेक्षा कमी मुदत देऊन उड्डाण रद्द केलं तर ठरावीक अपवाद सोडून परताव्याखेरीज भरपाईही द्यावी लागते. घर देणाऱ्या माणसाकडे बहुधा घर एकच असतं. तो बदली घर काढून देऊ शकत नाही. म्हणूनच त्याच्याशी हुज्जत घालण्यात आजची दुपार घालवू नकोस. चांगली घरं दर तासाला कमी होतायत.

पैशांचं गणित आधीच करून ठेव. परतावा आज मंजूर झाला तरी कार्डावर यायला बँकेप्रमाणे काही दिवस लागतात, आणि नवं घर आजच घ्यायचंय. म्हणजे मधले दिवस दोन्ही घरांचे पैसे तुझ्या एकटीच्या कार्डावर. मर्यादा पुरत नसेल तर माझं कार्ड वापर, नंतर बघू. बँकेकडे व्यवहार उलटवण्याचा अर्ज करता येतो, पण तो साइटने हात वर केल्यावरच. दोन्हीकडे एकदम मागितलंस तर दोन्ही अडकतात. प्रवास विम्यावर फार विसंबू नकोस. त्यात कारणांची यादी ठरलेली असते आणि मालकाने घर रद्द करणं त्यात बऱ्याचदा नसतंच. तरी एकदा वाच.

मैत्रिणींना तू अजून सांगितलं नाहीस हे तुझ्या आवाजावरून कळलं. आज सांग. घर तू निवडलंस म्हणून चूक तुझी, हे डोक्यातून काढ. तू अभिप्राय वाचले होतेस, मला दाखवलेही होतेस. एकच घर दोन-तीन साइटवर मांडलेलं असतं, कॅलेंडरं एकमेकांशी जुळायला कधी कधी काही तास लागतात, तेवढ्यात एकाच तारखेला दोघांना घर जातं. हे तुला बाहेरून कसं दिसणार? सहा जणी मिळून शोधाल तर तासाभरात काहीतरी सापडेल. एकटी शोधत बसलीस तर रात्री पुन्हा मला फोन करशील.

पुढच्या वेळी दोन घरं धरून ठेवते, एक शेवटी सोडून देते, असं तू काल रागात म्हणालीस. फुकट रद्द करण्याची मुदत असेतोवर ठीक, मुदतीच्या आत आठवणीने सोड. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे एअरबीएनबीने पाहुण्यांना पूर्ण पैसे परत दिले, तेव्हा आलेलं बुकिंग हातचं गेल्याने मालक हवालदिल झाले होते. पुढे त्यांच्यासाठी कंपनीला २५ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. पलीकडेही कुणीतरी हप्ते फेडत असतं.

मालकाचं उत्तर आलं की मला पाठव, लगेच काही लिहू नकोस. मी फोन जवळच ठेवलाय.

तुझा,
बाबा

ता. क. पाकिटात घालण्याआधी हे पत्र आईच्या हाती लागलं, म्हणून आता फोटो काढूनच पाठवतो. ते बुडालेले पैसे तिला तेव्हाच ठाऊक होते म्हणे. मी कधी सांगतो याची वाट बघत होती.