दोष ट्रामचा नव्हे, कारभाराचा

वाहतूक कोंडीचे कारण देऊन कोलकात्यातील ट्राम एस्प्लनेड-मैदान हा वारसा मार्ग वगळता बंद करण्याच्या पश्चिम बंगाल सरकारच्या निर्णयाचे समर्थन करणारा लेख वाचला. तो पटला नाही. तिथे ट्राम राज्य परिवहन महामंडळाची, तर वाहतूक नियंत्रण पोलिसांचे. रस्त्याच्या मधोमध असलेले ट्रामचे राखीव रूळ बऱ्याच ठिकाणी डांबराखाली घालून तीच जागा मोटारींना दिली गेली. मग रिक्षा आणि टॅक्सीमागे खोळंबलेली ट्राम ‘संथ’ ठरली!

झुरिकमध्ये ट्राम नगर प्रशासन चालवते आणि सिग्नलही त्याच्याच अखत्यारीत आहेत. १९७३ मध्ये तिथल्या मतदारांनी भुयारी रेल्वे नाकारली आणि १९७७ मध्ये ट्राम व बस वेगवान करण्यासाठी २० कोटी फ्रँक मंजूर केले. राखीव मार्गिका झाल्या, ट्राम जवळ आली की सिग्नल हिरवा होऊ लागला. वाहन तेच, कारभार वेगळा.

ट्राम काढल्याने रस्ते मोकळे होतात म्हणणाऱ्यांनी संध्याकाळी सहाला मुंबईत दादर टीटीला (म्हणजे जुन्या ट्राम टर्मिनसला) उभे राहून पाहावे. मुंबईतली ट्राम १९६४ मध्येच बंद झाली आहे.

— एक वाचक, दादर (पूर्व)