चिनी काढ्यातून मूळच गाळले, पेजही गाळली

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

थंडी पडली की सर्दी-तापावरच्या ‘चिनी काढ्या’ची कृती इंदुरात हातोहात फिरू लागते. यंदा ती आपल्या आरोग्य पुरवणीतही आली: दालचिनी, सुंठ, ज्येष्ठमध, खजूर, सगळे खळाखळा उकळून निम्मे करा आणि दिवसातून तीनदा घ्या. हा मूळ काढा नव्हे. मूळ पाठात, म्हणजे औषधाच्या ग्रंथोक्त कृतीत, पाच द्रव्ये आहेत. त्यातले एक इथे गाळले आहे, तीन बदलली आहेत, आणि जिच्या जोरावर तो काढा लागू पडतो त्या पेजेचा उल्लेखच नाही. काष्ठौषधींच्या व्यवहारात असल्यामुळे याची दुरुस्ती सविस्तर लिहून पाठवत आहे.

या पाठाचे नाव ग्वेइ-झी-तांग. हान राजवटीच्या अखेरीस, इ. स. 200 च्या सुमारास, झांग झोंगजिंग या वैद्याने तो आपल्या ‘शांग हान लुन’ या ग्रंथात दिला. द्रव्ये अशी (लियांग हे जुने चिनी वजन): दालचिनीच्या झाडाच्या कोवळ्या फांद्या 3 लियांग, पिओनी या फुलझाडाचे पांढरे मूळ 3 लियांग, ओले आले 3 लियांग, भाजलेले ज्येष्ठमध 2 लियांग आणि चिनी बोरे 12, फोडून. हानकालीन लियांग साधारण 14-15 ग्रॅमचा होता, पण पुढच्या मिंग राजवटीच्या काळापासून वैद्य व्यवहारात एका लियांगला 3 ग्रॅम धरत आले. म्हणून आजचे दिवसाचे माप फांदी 9 ग्रॅम, पिओनी 9, आले 9, ज्येष्ठमध 6 आणि बोरे 3-4 असे मिळते.

हा काढा सरसकट सर्दीवरचा नाही. ताप आहे, डोके दुखते, वाऱ्याची झुळूकही सोसवत नाही, घाम येतो पण ताप काही उतरत नाही, अशा रोग्यासाठी तो सांगितला आहे. घाम अजिबात नसेल, अंग ठणकत असेल आणि नाडी ताणलेली असेल, तर हा काढा देऊ नये, असे ग्रंथात स्पष्ट लिहिले आहे. तिथे एफेड्रा या घाम आणणाऱ्या वनस्पतीचा वेगळा काढा येतो. चिनी वैद्यकाच्या भाषेत शरीराची एक बाहेरची राखण असते आणि एक आतले पोषण. या रोग्यात दोघांचा मेळ तुटतो, बाहेरचे दार सैल पडते आणि आतला ओलावा वाया जातो. तेव्हा काम दुहेरी आहे: रोगाला बाहेर काढायचे आणि वाहून जाणारे थोपवायचेही.

दालचिनीची फांदी या पाठाची राजा. ती तिखट-गोड आणि उष्ण; रक्ताला त्वचेकडे आणि हातापायांकडे नेते, घाम सुटायला मदत करते. पिओनीचे मूळ तिचे मंत्री. ते आंबट, किंचित कडू आणि थंड गुणाचे. आतला ओलावा धरून ठेवते. दोघांचे वजन मुद्दाम सारखे ठेवले आहे. एकटी फांदी दिली तर आधीच घामेजलेला रोगी आणखी निथळतो, आणि एकटे मूळ दिले तर रोग आत कोंडतो. आले फांदीच्या बाजूने काम करते आणि मळमळ थांबवते. बोरे मुळाच्या बाजूने, पोट सांभाळतात. ज्येष्ठमध दोन्हीकडे हात देते: फांदीशी जुळले की तिखट-गोड, मुळाशी जुळले की आंबट-गोड. पिओनी आणि ज्येष्ठमध प्रत्येकी 4 लियांग घेऊन केलेला काढा याच ग्रंथात पायाच्या पेटक्यांवर वेगळा दिला आहे, आणि जपानमध्ये तो आजही पेटक्यांसाठी वापरात आहे.

प्रमाणाला इथे किती किंमत आहे, ते याच ग्रंथातल्या पुढच्या पाठांवरून कळते. पाचही द्रव्ये तीच ठेवून फक्त पिओनी 3 ऐवजी 6 लियांग केली, की औषध तापाचे राहत नाही, पोटदुखीचे होते. त्यात माल्टची साखर मिसळली की थकलेल्या, पोटात कळा येणाऱ्या रोग्याचा काढा तयार. फांदी 3 ची 5 लियांग केली, तर ओटीपोटातून छातीकडे काहीतरी उसळते अशा तक्रारीवर. आणि छाती भरून आल्यासारखी वाटत असेल, तर पिओनी काढूनच टाकायची. म्हणजे पुरवणीत छापलेल्या पाठातून पिओनी गाळली, तेव्हा नकळत दुसऱ्याच रोगाचा काढा हाती आला, आणि त्यातही बाकीची द्रव्ये चुकीची.

अनेकांना हा आपल्या आयुष काढ्याचा भाऊ वाटतो. करोनाच्या काळात सरकारने सांगितलेल्या त्या काढ्यात तुळस 4 भाग, दालचिनी 2, सुंठ 2 आणि मिरी 1 असे माप होते. त्याची दिशा एकच आहे, उष्ण आणि तिखट. धरून ठेवणारे द्रव्य त्यात नाही. तो आपल्या जागी असू द्या, दोघांची सरमिसळ मात्र नको.

आता जिन्नसांविषयी. इंदूरच्या सियागंज बाजारात किलोच्या भावाने मिळते ती दालचिनीची साल. इथे हवी ती पेन्सिलीइतकी जाड कोवळी फांदी, तिरकी कापलेली. बाहेरून तांबूस तपकिरी, आत पिवळट लाकूड. साल पोटात आणि कमरेखाली उष्णता नेते, फांदी अंगाच्या पृष्ठभागाकडे. जपानी वैद्य या पाठात सालच वापरतात हे खरे, पण मोजून आणि रोगी पाहून. आपल्याकडची जाड, एकेरी वळलेली साल बहुधा कॅशिया जातीची असते. तिच्यात कुमारिन नावाचे, जास्त झाल्यास यकृताला त्रास देणारे द्रव्य असते. युरोपात त्याची रोजची मर्यादा शरीराच्या दर किलोमागे 0.1 मिलिग्रॅम धरतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 6 मिलिग्रॅम. चहाचा एक चमचा पूडसुद्धा कधीकधी ती ओलांडते.

आले ओलेच हवे, सालीसकट कापलेले. सुंठ आतून तापवते, बाहेर ढकलण्याचे काम तिचे नाही. बोरांच्या जागी खजूर चालत नाही. त्यापेक्षा युनानी औषधांच्या दुकानात मिळणारे उन्नाब घ्यावे, ते त्याच झाडाचे फळ आहे. मात्र फोडून घाला. अख्खे बोर पाण्यात फुगते, गर आतच राहतो. ज्येष्ठमध मधात परतून घेतात: थोड्या पाण्यात मध कालवून काप भिजवायचे आणि मंद आचेवर, हाताला चिकटेनासे होईपर्यंत परतायचे. पिओनी इंदुरात सहज मिळत नाही. रंग जुळतो म्हणून तिच्या जागी शतावरी टाकू नये. नसेल तर हा काढा करूच नये. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्समध्ये वजन घटवण्याच्या चिनी औषधात एका मुळाऐवजी मिळत्याजुळत्या नावाचे दुसरे मूळ पडले, ते अॅरिस्टोलोकिया कुळातले निघाले आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे कायमची गेली.

काढा मातीच्या, काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात करा. लोखंड आणि तांबे नको. द्रव्ये अर्धा तास थंड पाण्यात भिजू द्या. ग्रंथात 7 शेंग (पाणी मोजायचे जुने चिनी माप) पाण्याचे 3 शेंग करायला सांगितले आहे, म्हणजे घरच्या मापाने 700 मिलिलिटरचे 300. आच मंद ठेवा आणि झाकण ठेवा. आपल्याला काढा म्हटले की अष्टमांशापर्यंत आटवायची सवय; इथे तसे केले तर फांदीचे आणि आल्याचे सुगंधी तेल वाफेबरोबर उडून जाते आणि ज्येष्ठमधाचा गोडवा तेवढा खाली राहतो. गाळून तीन भाग करा.

पहिला भाग कोमट घेतल्यावर थोड्याच वेळात वाटीभर गरम, पातळ भाताची पेज घोट घोट घ्यायची. आपल्या घरात आजाऱ्याला देतात तीच, तूप न घालता. घामासाठी लागणारे पाणी आणि बळ पेजेतून येते, म्हणून ती औषधाचाच भाग. मग पांघरूण घेऊन सुमारे दोन तास पडायचे. अंगभर बारीक दमट घाम आला पाहिजे. पाण्यासारख्या धारा लागता कामा नयेत. तसे झाले तर रोग जात नाही, असे ग्रंथकार बजावतो. कपाळावर आणि मानेखाली हात फिरवून पाहत राहा. हाताला नुसता ओलावा लागला की वरची रजई काढा. घाम येऊन बरे वाटले तर उरलेले दोन भाग टाकून द्यायचे. ‘तीनदा घ्या’ या सरधोपट सूचनेने नेमका इथेच घात होतो. घाम आलाच नाही, तरच दुसरा भाग घ्यायचा. सोबत पॅरासिटामॉल घेऊन वर रजई पांघरली तर घाम हमखास जास्त होतो, तेव्हा दोन्ही एकदम नको.

पथ्य कडक आहे: कच्चे, थंड, चिकट, मांस, मद्य, दूध-दही आणि कांदा-लसूण बंद. इंदूरकरांनी त्या दिवशी पोह्यांवरचा कच्चा कांदा, शिकंजी आणि सराफ्यातल्या खाऊगल्लीची फेरी, तिन्ही सोडावी. नेहमी मद्य घेणाऱ्याला हा काढा देऊ नये, त्याला उलटी होते, असेही ग्रंथात आहे.

घसा लाल होऊन दुखत असेल, तहान फार असेल, कफ पिवळा असेल तर हा उष्ण काढा उलटा पडतो. रक्तदाबाच्या रोग्यांनी आणि लघवी वाढवणाऱ्या किंवा हृदयाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ज्येष्ठमधापासून जपावे; त्याने शरीरात मीठ-पाणी साठते आणि पोटॅशियम उतरते. गर्भवतींना आणि लहान मुलांना घरच्या घरी देऊ नये. ताप तीन दिवसांवर गेला तर काढा बाजूला ठेवून डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्यावे.

आपल्याला विनंती अशी की, पुरवणीच्या पुढच्या अंकात दुरुस्ती छापताना प्रत्येक द्रव्याचे झाडाचे अंग (फांदी, साल की मूळ), ओले की वाळलेले, आणि ग्रॅममधले वजन ही तिन्ही द्यावीत, आणि पेज व पांघरुणाची कृती त्याच चौकटीत घ्यावी. आधीचा पाठ कापून ठेवलेल्या वाचकांना तो वापरू नका, असेही ठळक अक्षरांत सांगावे.

आपला,
काष्ठौषधींच्या व्यवसायातील एक वाचक,
इंदूर